धूर आणि धुरा

आमच्या खोलीच्या दारावर पाटी होती, ‘अल्पायुषी हवामान प्रदूषके, विभागीय समन्वय कक्ष’. माझी थोरली बहीण लेकीच्या लग्नाच्या खरेदीसाठी धरमपेठेत आली होती. तिथून ती मला भेटायला ऑफिसात आली आणि पाटी वाचून उंबऱ्यातच थांबली.

“दारावर अल्पायुषी काहून लिहून ठेवलं वं? लिहाचं तं काही शुभ लिहा नं.”

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. चुलीची, भट्टीची, जाळलेल्या पिकाची काजळी, कचऱ्याच्या ढिगातून आणि शेणातून निघणारा मिथेन, फ्रिज-एसीतला गॅस. ही मंडळी हवेत फार टिकत नाहीत. काजळी तर काही दिवसांत खाली बसते. पण असतात तेवढ्या काळात हवा भयंकर तापवतात, आणि माणसाची छातीही बिघडवतात. म्हणून ती आज थांबवली, तर गुण आपल्या डोळ्यांदेखत दिसतो. ताईने पदराने घाम पुसत सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे चार दिवस राहणारा पाहुणा, पण घराची पार वाट लावून जाणारा,” ती म्हणाली.

इतकी चांगली व्याख्या आमच्या एकाही सादरीकरणात नव्हती. पाहुणे अल्पायुषी होते हे खरं, पण त्यांच्या फायली चिरंजीव होत्या. काजळी कृषी विभागाची की प्रदूषणवाल्यांची, या एका प्रश्नावर मी तीन साहेब आले-गेलेले पाहिले. समन्वय म्हणजे काय, तर जे काम कुणाचंच नाही ते सगळ्यांचं आहे असं पत्राने कळवत राहायचं, आणि ‘हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ अशी उत्तरं नीट लावून ठेवायची. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, आणि मी मधे उभी राहून जोड्या लावतेय. संताप यायचा. अजूनही येतो.

पण ताई त्या दिवशी नुसती भेटायला आली नव्हती. तिचं एक काम होतं, आणि ते माझ्याच खात्याचं निघालं.

ताईचं शेत बेसाच्या पुढे, जिथे प्लॉटांच्या पाट्या संपतात आणि अजून कापूस दिसतो, तिथे आहे. शेजारचं शेत तिच्या थोरल्या दिरांचं, म्हणजे आमच्या बोलीत तिच्या भासऱ्यांचं. भाची त्यांना मोठेबाबा म्हणते, म्हणून मीही मोठेबाबाच म्हणते. दोन शेतांच्या मधे धुरा. पुण्याकडे ज्याला बांध म्हणतात त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि भांडणाचं सगळ्यात जुनं कारण विचाराल तर तोच. वाटणीच्या वेळी या धुऱ्यावरून दोन भावांचं बोलणं तुटलं. ते इतकं तुटलं की धाकटा भाऊ, म्हणजे ताईचा नवरा, थोरल्याशी न बोलताच गेला. पुढे ताईने एकटीने, कधी महालक्ष्मीचं जेवण पाठवून, कधी जावेच्या आजारपणात भाकरी टाकून देऊन, ते घर परत जोडत आणलं. आणि या वर्षी मोठेबाबा स्वतः होऊन म्हणाले होते की पोरीचं कन्यादान मी आणि मोठीआई करतो, तिले बाप नाही असं कोणी म्हणाले नाही पायजे.

ताई हे सांगताना रडली नाही. पण हे वाक्य तिने मला दोनदा सांगितलं.

अडचण अशी की मोठेबाबांना दमा. कापूस निघाला की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे, ढीग लागतात, ते उन्हाळ्यात पेटवायचे ही गावाची रीत. मोठेबाबा स्वतःच काडी लावायचे, स्वतःच धुरात उभे राहायचे, आणि मग घरच्यांनी त्यांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात आणायचं. तीही एक रीतच होऊन बसली होती.

“लग्न वैशाखात आहे,” ताई म्हणाली, “आन् पऱ्हाट्या जळतेत त्याच्या आधी. तो माणूस मांडवात बसला पायजे वं. तुमची ते भुगा कराची मशीन येते म्हणे, ते पाठव नं एक दिवस. मी साऱ्याइले थांबवून ठेवलं. भासरे म्हणे, तुही बहीण सरकारात आहे तं पाहू तिची मशीन. नाही आली तं मी काडी लावतो.”

मी म्हटलं, येईल. आणि ठामपणे म्हटलं, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या खात्याकडून काहीतरी मागत होतं.

पुढच्याच बैठकीत मी विषय घेतला. पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र कृषी विभागाकडे होतं. ते नवंकोरं, प्लास्टिकच्या वेष्टनात होतं. का वापरत नाही विचारलं, तर मागणी नाही. मागणी आहे म्हटलं, तर ती योग्य मार्गाने आलेली नाही. योग्य मार्ग कोणता? तहसीलमार्फत. तहसील म्हणालं, विभागाचं पत्र आणा. हे चालू असताना सभागृहातल्या एसीचा गॅस भरायला माणूस आला होता. त्याने स्टुलावर चढून आधीचा उरलेला गॅस फुस्सकन हवेत सोडून दिला. त्या वेळी पडद्यावर नेमकं त्याच गॅसबद्दलचं चित्र होतं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “जरा गार झालं की पुढे घेऊ.”

तर पत्र. मी स्वतः मसुदा लिहिला. विषय, ‘शेतातील धुराबाबत तातडीची कार्यवाही’. खाली ताईच्या गावाचं नाव, ताईचा आणि मोठेबाबांचा गट क्रमांक, येत्या गुरुवारची तारीख, आणि ‘संबंधितांनी आवश्यक त्या यंत्रासह प्रत्यक्ष जागेवर उपस्थित राहून कार्यवाही पूर्ण करावी’. शासकीय भाषेत याहून स्पष्ट काही लिहिता येत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. मसुदा टायपिंगला दिला. साहेबांची सही झाली. मूळ प्रत तहसीलला गेली, कृषी विभागाला एक प्रत माहितीस्तव. मी ताईला फोन केला की गुरुवारी मशीन येणार.

गुरुवारी दुपारी ताईचा फोन आला. तिचा आवाज इतका खाली होता की मला आधी वाटलं मोठेबाबांना काही झालं.

“तू काय पाठवलं वं?” ती म्हणाली.

मशीन आली होती. जीप आली, जीपमधून माणसं उतरली, त्यांनी तिपाई ठोकली आणि तिच्यावर मशीन बसवली. गाव गोळा झालं होतं, कारण ताईनेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज मशीन येणार, पऱ्हाटी जाळायची नाही. आणि ती मशीन धुरा मोजायची होती. भूमी अभिलेखचे मोजणीवाले आले होते. त्यांनी खिशातून नोटीस काढून मोठेबाबांच्या हातात दिली, नकाशा उलगडला, आणि दोन घरांनी ज्या धुऱ्याचं नाव काढणं सोडलं होतं तोच धुरा भर उन्हात, साऱ्या गावासमोर, मोजायला घेतला.

एरवी मोजणीवाला यावा म्हणून माणसं खेटे घालून म्हातारी होतात. इथे न बोलावता आला, तातडीने आला, आणि काम पूर्ण करून गेला. हद्द मोठेबाबांच्या शेतात हातभर आत निघाली. त्यांच्या तुरीच्या जागेवर दगड रोवून, दगडांना चुना लावून ते गेले.

आपल्याकडे मोजणी आणणं म्हणजे नुसतं माप काढणं नसतं, ते भांडणाचं आमंत्रण असतं. आणि आमंत्रण कुणाच्या नावाने आलं, तर जिची बहीण सरकारात आहे तिच्या.

मी त्याच क्षणी कार्यालयीन प्रत काढून पाहिली. विषय होता, ‘शेतातील धुऱ्याबाबत तातडीची कार्यवाही’.

पेशवाईत ‘ध’चा ‘मा’ झाला, आमच्याकडे ‘रा’चा ‘ऱ्या’ झाला. मी प्रत घेऊन आमच्या टायपिंगच्या बाबूंसमोर उभी राहिले. ते यवतमाळकडचे, कामाला चोख, त्यांची शुद्धलेखनाची चूक मी कधी पाहिली नव्हती. तीच तर अडचण होती.

“मॅडम, तुमी ‘धुराबाबत’ लिहिलं होतं,” ते शांतपणे म्हणाले. “शेतातला धुरा म्हटलं तं ‘धुऱ्याबाबत’ होते नं. मी दुरुस्त करून देलं. त्यात गट नंबर होते, दोन शेजाऱ्याइचे. तं मले वाटलं, धुऱ्याचंच असन.”

व्याकरण त्यांचं बरोबर होतं. धुरा, धुऱ्याबाबत.

मग साहेबांकडे गेले. साहेब साताऱ्याकडचे. त्यांच्या लेखी धुरा म्हणजे फक्त संस्थेची धुरा, पक्षाची धुरा. शेतातल्याला ते बांध म्हणतात.

“मला वाटलं, तुमच्याकडे धूर असा लिहितात,” साहेब म्हणाले. “वऱ्हाडी वळण असेल म्हणून मी सही केली. स्थानिक भाषेचा आदर नको का?”

तहसीलच्या आवक टेबलावरच्या बाईंना फोन लावला. त्याही बरोबरच होत्या. धुरा, दोन गट क्रमांक, तातडी, यंत्रासह उपस्थित राहावे. “मॅडम, धुऱ्याले यंत्र म्हटलं तं मोजणीचीच मशीन ना?” त्यांनी पत्र भूमी अभिलेखला दिलं. आणि कृषी विभागाने काय केलं? प्रत माहितीस्तव होती, त्यांनी माहिती करून घेतली. भुग्याची मशीन प्लास्टिकातच.

एकही माणूस चुकला नव्हता. मला ज्याच्यावर ओरडायचं होतं असा एकही माणूस त्या सगळ्या रांगेत सापडला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी साहेबांना म्हटलं, निदान मोजणी रद्द करायला पत्र देऊ. साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मोजणी आपला विषय नाही,” ते म्हणाले. “आपला विषय धूर.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी गावाला गेले. मोठेबाबा शेतातच होते, पऱ्हाटीच्या ढिगापाशी. ताई लांब, आपल्या बाजूला उभी होती. मधे चुन्याचे पांढरे दगड. मी पत्राची प्रत पुढे केली आणि सगळं सांगू लागले. रा, ऱ्या, टायपिंगवाले बाबू, साताऱ्याचे साहेब. जसजशी सांगत गेले तसतसं माझं मलाच ते खोटं वाटू लागलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“सरकारले धूर आन् धुरा समजत नाही, असं म्हणतं तू?”

“हो, मोठेबाबा. खरंच नाही समजला.”

“मले लहान पोरगं समजून राहिली का वं?” ते म्हणाले. मग ताईच्या दिशेने, पण तिच्याकडे न पाहता, त्यांनी आवाज चढवला. “हातभर जमीन पायजे होती तं तोंडानं मांगाची होती. पोरीच्या लग्नाच्या तोंडावर मोजणी लावली. ज्याच्यावर भरोसा नाही त्याच्या हातचं कन्यादान काहून पायजे मंग?”

ताईला एवढंच म्हणायचं होतं की मला ती हातभर जमीन नको. हे ती मला नंतर कितीदा तरी म्हणाली, पण त्या वेळी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मोठेबाबांनी काडी ओढली. पऱ्हाटी इतकी वाळलेली होती की आग धरायला वेळच लागला नाही. धूर आधी सरळ वर गेला आणि मग वारा फिरल्यावर दोन्ही शेतांवर सारखाच पसरला. मी त्यांना म्हटलं, लांब व्हा. ताईने म्हटलं. ते झाले नाहीत. हट्टाने तिथेच उभे राहिले, खोकत.

रात्र व्हायच्या आत ते रामदासपेठेत होते. मी तिथल्या बाकावर बसून होते, साडीला धुराचा वास येत होता, आणि मला माझ्या पाटीची इतकी लाज वाटत होती की कुणी विचारलं असतं कुठे काम करता, तर मी दुसरंच काहीतरी सांगितलं असतं. ताई रोज डबा घेऊन यायची. ते तिच्याशी बोलत नव्हते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे बोलत नाहीत की बोलता येत नाही हे कळायला मार्ग नव्हता. पण डबा रिकामा परत जायचा. डॉक्टरांनी बजावलं की आता धूर अजिबात नको, उदबत्तीचासुद्धा.

या सगळ्यात आमची आढावा बैठक आली. पडद्यावर तक्ता होता आणि बहुतेक गावांसमोर ‘कार्यवाही सुरू’ असं होतं. एकाच गावासमोर हिरव्या रंगात लिहिलं होतं, ‘यंत्रासह कार्यवाही पूर्ण’. भूमी अभिलेखकडून पूर्तता अहवाल आला होता, आणि तो कुणीतरी इमानदारीने आमच्या तक्त्यात भरला होता. साहेब म्हणाले, “बघा, समन्वय असला की होतं. मॅडम, याचे फोटो मिळतील का?” मी म्हटलं, तिथे पऱ्हाटी जळली साहेब, माझ्यासमोर जळली, आणि एक माणूस दवाखान्यात आहे. मग साहेब हळू आवाजात म्हणाले की अहवाल वर गेला आहे, आता बदलता येणार नाही, पण तुमची भावना नोंदवून घेऊ. माझी भावना नोंदवण्यासारखी नव्हती.

खरा समन्वय शेवटी भाचीने केला. मोठेबाबा घरी आल्यावर ती अक्षता घेऊन त्यांच्याकडे गेली, त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, “मोठेबाबा, तुमी नाही आले तं मी पाटावर बसत नाही.” ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ताई लग्नाच्या दिवसापर्यंत दाराकडे पाहत राहिली. भटजींनी दोनदा विचारलं की कन्यादानाला कोण, आणि ती दोन्ही वेळा म्हणाली, येऊन राहिले.

ते आले. मोठीआईचा हात धरून, नवं धोतर नेसून, मांडवात शिरताना क्षणभर थांबून श्वास घेत आले. ताईकडे पाहिलं नाही. पण पाटावर बसले. पोरीच्या हातावर पाणी सोडलं तेव्हा ताई मागे भिंतीला टेकून तोंडात पदर धरून उभी होती. मला वाटलं, झालं एकदाचं.

आणि मग भटजींनी होम पेटवला.

मांडवाला वारा नव्हता. तुपाचा आणि समिधांचा धूर सरळ मोठेबाबांकडे येऊ लागला. त्यांना ठसका लागला. ताईने काही न बोलता एक सूप आणून माझ्या हातात दिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते असं, की तुझं खातं आहे ना हे, कर आता काहीतरी. मी जरीची साडी सावरत होमाच्या बाजूला उकिडवी बसले आणि सुपाने धूर हाकलू लागले. भटजी मंत्र म्हणत होते, मी वारा घालत होते. धूर वळायचा, परत यायचा, मी परत हाकलायची. लाह्या पडल्या, फेरे झाले, सप्तपदी झाली. माझा खांदा भरून आला, पण मोठेबाबा उठले नाहीत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी प्रत्यक्षात कमी केलेला धूर तेवढाच.

सगळं आटोपल्यावर मी सूप खाली ठेवणार, तर ते माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज दम्याने बसलेला होता, रागाचा नव्हता.

“धूर तं हाकलला वं तुनं,” ते म्हणाले. “माह्या वावरात ते दगड आहेत नं, तो धुरा कोण हाकलन आता?”

होमातून अजून थोडा धूर येत होता, म्हणून मी सूप परत उचललं.